प्रश्नचिन्हांच्या जागी माणसांची नावे

माणगावहून म्हसळा, म्हसळ्यावरून बोर्ली पंचतन आणि पुढे दिवेआगर, हा रस्ता गेली वीस वर्षे माझ्या पायाखालचा आहे. मुंबई-पुण्याची मंडळी येथे समुद्रासाठी आणि सुरूच्या बनासाठी येतात. १९९७ साली सुपारीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला म्हणून गावाचे नाव झाले, २०१२ साली तो चोरीला गेला म्हणून ते पुन्हा पेपरात आले. इतिहासाचे अभ्यासक शके ९८२ च्या मराठी ताम्रपटासाठी दिवेआगरचे नाव घेतात. माझे येणे मात्र कधी सातबाऱ्यावरच्या चुकीच्या नोंदीसाठी, कधी जातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीचा पुरावा हवा म्हणून. यावेळी गेलो ते एका वहीसाठी.

कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या बांधवांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक बौद्धवाडीचे एक मुंबई मंडळ असते. गिरणीत, गोदीत, महानगरपालिकेत नोकरीला गेलेल्या माणसांनी ते उभे केले. महिन्याची वर्गणी, लग्नातली मदत, मयतीचा खर्च, विहाराची वीट, सगळे त्याच्या वहीत. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या चाळीत राहिला, कोणत्या साली वारला, हे त्या वहीत असते आणि सरकारच्या कोणत्याही दप्तरात नसते. दाखल्याच्या कामात ही वही थेट पुरावा म्हणून चालतेच असे नाही. पण कोणत्या चुलत आजोबांच्या शाळेचा उतारा शोधायचा, हे ती नेमके सांगते. माझ्या अनेक अशिलांचे दाखले अशा वह्यांच्या आधाराने निघाले आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्याला येऊन धडकले. पोफळी मोडल्या, नारळ पडले, घरांचे पत्रे उडाले. अशाच एका उडालेल्या पत्र्याखाली एका वाडीच्या वह्या होत्या. निम्म्या भिजल्या. उरलेल्या संगणकावर चढवायच्या, मुंबईकरांनी आपापल्या मोबाईलवरून भर घालायची आणि सगळी यादी इंटरनेटवर ठेवायची, असे ठरायला पुढे तीन वर्षे गेली. काम अंगावर घेतले ते दिवेआगरच्या एका तरुणाने. बी.एस्सी. आयटी झालेला, नवी मुंबईतली नोकरी टाळेबंदीत गेली म्हणून गावी परतलेला, आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांच्या बुकिंगच्या वेबसाईट करून चार पैसे मिळवणारा. त्याचे नाव येथे देत नाही, त्यानेच तशी विनंती केली आहे.

१४ एप्रिलला यादी सुरू झालीच पाहिजे, हा आग्रह माझा होता. पोराने सांगितले होते, "वकीलसाहेब, अजून आठ दिवस द्या, तपासून बघतो." मी ऐकले नाही. यादी सुरू झाली. घाटकोपर, वरळी, नालासोपारा, सुरतपर्यंतच्या लोकांनी नावे भरायला सुरुवात केली. आजोबांची, पणजोबांची, ज्यांचा फोटोसुद्धा घरात नाही अशा माणसांची नावे. महिन्याभराने पोराने पहिल्यांदा सगळी यादी एकत्र काढून पाहिली, तेव्हा लोकांनी भरलेल्या नावांच्या जागी ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हे! वडिलांचे नाव प्रश्नचिन्ह. गाव प्रश्नचिन्ह. मृत्यूचे साल आणि फोन नंबर तेवढे शाबूत.

हे कशाने झाले, ते मी त्याच्याकडून दोन बैठकांत समजून घेतले. वेबसाईटवर आपल्याला जे दिसते ती कोर्टातली खिडकी समजा. अर्ज घेणारा कारकून, आतली रेकॉर्ड रूम, कपाटे, गठ्ठे हे सगळे मागे असते. त्या मागच्या बाजूला सर्व्हर म्हणतात. खिडकीत दिलेला कागद आत नेऊन योग्य गठ्ठ्यात लावणे आणि मागितल्यावर काढून देणे, एवढेच त्या मागच्या प्रोग्रॅमचे काम. पीएचपी या भाषेत लिहिलेला कारकून आणि मायएसक्यूएल नावाची रेकॉर्ड रूम, ही जोडी जगातल्या असंख्य लहान वेबसाईटच्या मागे आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून ज्या मीडियाविकीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली.

आता मेख अशी की ही रेकॉर्ड रूम बांधणाऱ्यांनी कपाटे बांधली ती पश्चिम युरोपच्या अक्षरांच्या मापाची. लॅटिन-१ या मापात एका अक्षराला एकच खण, म्हणजे एक बाइट. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'भीमराव' लिहिताना भ, वेलांटी, म, र, काना, व अशी सहा चिन्हे होतात, म्हणजे अठरा बाइट. मायएसक्यूएलमध्ये आपण वेगळे काही सांगितले नाही तर लॅटिन-१ हेच माप धरले जाई. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत ते बदलले. पोराने घेतलेली स्वस्तातली जागा त्याआधीच्या आवृत्तीवर चालत होती. त्याने काही नावे इंग्रजीत टाकून तपासली, ती नीट बसली. देवनागरी आली तेव्हा कारकुनाने पाहिले की हे अक्षर आपल्या कपाटात बसतच नाही. त्याने तक्रार केली नाही, काम थांबवले नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी गुपचूप एक प्रश्नचिन्ह लिहिले आणि मूळ कागद फेकून दिला.

कधी कधी मराठीच्या जागी टोप्या घातलेली लॅटिन अक्षरे आणि मधेच पैशाची चिन्हे अशी खिचडी दिसते. पोर म्हणाला, "ती खिचडी दिसली असती तर मी नाचलो असतो." कारण खिचडीत मूळ बाइट बहुधा शाबूत असतात, फक्त भलत्या पाकिटात पडलेले असतात, ते सोडवता येतात. प्रश्नचिन्ह म्हणजे पुरावा नष्ट. हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेली मराठी अक्षरे आजही वाचता येतात आणि आमच्या माणसांची नावे महिनाभरात गेली, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. चूक पोराची जेवढी, त्याहून घाई माझी जास्त.

पण मला लिहायचे आहे ते पुढचे. पोर दोन रात्री एकटाच बसून राहिला. कोणाला विचारले नाही. मी म्हणालो, "अरे, नवी मुंबईत तुझ्याबरोबर काम करणारे होते ना, त्यांना फोन कर." तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, एवढे साधे येत नाही, असे म्हणतील."

मित्रहो, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. लॉ कॉलेजात मी स्वतः ते मनातल्या मनात शंभरदा म्हटले आहे. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला अज्ञान उघडे पडण्याची भीती दुप्पट असते. त्याला ठाऊक असते की आपला प्रश्न आपल्या एकट्याचा मानला जाणार नाही, तो आपल्या जातीच्या खात्यावर लिहिला जाईल. प्रस्थापितांच्या मुलाने विचारले तर तो जिज्ञासू, आमच्याने विचारले तर 'कोट्यातला'. ही कल्पना नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने ३० जून २०२० रोजी सिस्को कंपनीवर दावा लावला, त्यात आरोप हाच होता की एका दलित इंजिनियरला आयआयटीत राखीव जागेतून प्रवेश मिळाल्याचे त्याच्या सवर्ण वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले आणि पुढे त्याला डावलले. २०२३ साली त्या खात्याने दोघा वरिष्ठांवरचा वैयक्तिक दावा मागे घेतला. पण सॅन होजेच्या ऑफिसात प्रश्न विचारायला जीभ का अडखळते, हे दिवेआगरच्या पोराला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांच्या घरात मामा पुण्यात, काका न्यू जर्सीत कॉम्प्युटरवर काम करतात, त्यांचे प्रश्न जेवणाच्या ताटावर सुटतात. आमच्या पोराला असा मामा नाही. मग त्याला कोण आहे? अनोळखी माणसे. तिसऱ्या रात्री त्याने इंटरनेटवर शोध घेतला आणि त्याला नेमका हाच घोळ सापडला. कित्येक वर्षांपूर्वी कोणा परक्या देशातल्या माणसाने आपल्या लिपीतल्या अक्षरांसाठी रडकुंडीला येऊन विचारलेला प्रश्न, आणि त्याखाली दुसऱ्या कोणी शांतपणे लिहिलेले उत्तर. तक्त्याचे माप बदला. प्रोग्रॅम आणि तक्ता यांच्यामधल्या जोडणीचे माप बदला, बहुतेकजण हेच विसरतात. पानाच्या डोक्यावर माप जाहीर करा. तिन्ही ठिकाणी एकच माप. आमचा पोर नेमके पहिलेच विसरला होता.

त्या उत्तर देणाऱ्याला काय मिळाले? पैसे नाहीत. चार लोकांनी पसंतीची खूण केली असेल. ही रीत या धंद्यात जुनी आहे. पीएचपी हीच मुळी रासमुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या वेबपानाची व्यवस्था लावायला लिहिलेली काही साधने. ती त्याने १९९५ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुली केली. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सामान्य ग्राहकाला दिले.) तिच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक फंक्शनखाली वापरणाऱ्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले: येथे मी ठेचकाळलो, तुम्ही सांभाळा. २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले, तेथे हाच व्यवहार लाखो प्रश्नांपर्यंत गेला. तेथे उत्तर लिहिणारा ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देतो. कोणीही घ्यावे, वापरावे, बदलावे. अट दोनच: कोणाचे घेतले ते सांगावे, आणि त्यावर जे उभे कराल तेही तसेच खुले ठेवावे. विचारणाऱ्याचे आडनाव तेथे लागत नाही. टोपणनाव चालते. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या देशातल्या पोरांना ही सवलत किती मोठी आहे, हे ती सोय करणाऱ्यांनाही कदाचित उमगले नसेल.

या व्यवहाराचे नुसते गोडवे गाणार नाही. एक तर सगळा कारभार इंग्रजीत. स्टॅक ओव्हरफ्लोने पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत वेगळ्या जागा काढल्या. हिंदी नाही, मराठी तर दूरच. दुसरे, नवख्याचा प्रश्न 'आधीच विचारून झाला आहे', 'अर्थहीन आहे' म्हणून फटकन बंद करण्याची तेथे खोड. एप्रिल २०१८ मध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीर कबुली दिली की नव्या लोकांना, स्त्रियांना, गौरेतर लोकांना ही जागा आपली वाटत नाही. रायगडच्या माणसाला यात नवल वाटू नये. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले, १९२४ साली महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत कोणी ओंजळीत घेऊ दिले नाही, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले.

तिसरा दोष मला वकील म्हणून लगेच कळला. जुनी उत्तरे मरत नाहीत. पीएचपीतून मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी फंक्शने २०१३ पासून कालबाह्य ठरवली होती, २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. तरी ती वापरणारी उत्तरे शोधात वर येतात आणि पोरे ती जशीच्या तशी उतरवतात. ओव्हररूल झालेला निवाडा एखाद्या ज्युनियरने न्यायाधीशांपुढे ठेवावा, तसे. यातला धोका लहान नाही. माणसाने भरलेले नाव सरळ हुकुमाच्या वाक्यात जोडण्याची जुनी पद्धत घ्या. वसईच्या एखाद्या डिसूझांनी इंग्रजीत आपले आडनाव मधल्या ॲपॉस्ट्रॉफीसह लिहिले की ते वाक्य तेथेच तुटते आणि पान बंद पडते. त्याच तुटलेल्या जागेतून चोर आपला हुकूम आत सरकवू शकतो, आणि सगळी यादी, फोन नंबरसकट, बाहेर. उपाय सोपा आहे. हुकूम आधी तयार करून ठेवायचा आणि नाव नंतर वेगळ्या पाकिटातून द्यायचे. पोराने सगळीकडे तसे केले. आमच्या वहीत माणसांची जात आहे, पत्ते आहेत, हे लक्षात घ्या.

माप बदलल्यावर दुसरी गंमत झाली. नावे नीट जाऊ लागली, पण काही लोकांच्या नोंदी तरीही नाकारल्या जात. पाहिले तर आपल्या लोकांची सवय! संदेशाच्या शेवटी जयभीम आणि निळे हृदय. देवनागरीचे चिन्ह तीन बाइटचे, निळे हृदय चार बाइटचे. मायएसक्यूएलमध्ये ज्याला युटीएफ-८ म्हणत, ते माप प्रत्यक्षात तीन बाइटपर्यंतच पुरत होते. पुरे चार बाइटचे माप २०१० पासून वेगळ्या नावाने मिळू लागले. तेही कोणीतरी आधीच विचारून ठेवले होते. निळ्या हृदयासाठी नव्हे, कुठल्यातरी हसऱ्या चेहऱ्यासाठी. पुढे फोनच्या लहान पडद्यावर नाव मावावे म्हणून पोराने ते वीसवर तोडले, तेव्हा शेवटचे अक्षर फुटून काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसू लागले. ते फंक्शन अक्षरे मोजत नव्हते, बाइट मोजत होते. वीस बाइटमध्ये सहा चिन्हे पूर्ण आणि सातवे अर्धवट. त्याच फंक्शनच्या नावापुढे एमबी ही दोन अक्षरे लावलेले भावंड वापरायचे असते, हे त्याला माहितीपुस्तिकेने सांगितले.

आमच्या धंद्यात असे कोणी सांगत नाही. सिनियर आपला चांगला मसुदा ज्युनियरच्या हाती पडू नये म्हणून कपाटाला कुलूप लावतात. मी पाहिले आहे. निवाड्यांवर कोणाचा मालकी हक्क नाही, कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ न्यायालयाचा आदेश छापायला मोकळीक देते, आणि ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की मूळ निवाडा सर्वांचा, प्रकाशकाचा हक्क त्याने घातलेल्या भरीपुरता. तरी जाड ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या तालुक्याच्या वकिलाला निवाडा मिळत नव्हताच. तो मिळू लागला २००८ पासून, सुशांत सिन्हा नावाच्या प्रोग्रॅमरने इंडियन कानून सुरू केल्यावर. मी रोज वापरतो. ते चालते त्यामागेही कोणीतरी कोणालातरी फुकट दिलेली शेकडो उत्तरे असणार.

आता या पाणवठ्याचे काय चालले आहे? ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. पाच-सहा दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोला यंत्राने लिहिलेली उत्तरे टाकण्यास बंदी करावी लागली, कारण ती ऐटबाज पण चुकीची असत. पण विचारणारी माणसेच तिकडे वळली आणि नव्या प्रश्नांचा ओघ झपाट्याने आटला. आमचा पोरही यंत्राला विचारतो, आणि त्याचे कारण मला पटते: ते हसत नाही, प्रश्न बंद करत नाही, मराठीत विचारले तर मराठीत सांगते. लाज वाटणाऱ्याला याहून बरे काय? पण तो प्रश्न आणि ते उत्तर त्याच्याच खोलीत राहते. उद्या म्हसळ्याच्या पोरीला हाच घोळ सतावला तर तिला त्याची खूण कोठेच सापडणार नाही. शिवाय यंत्र शिकले कशावर? माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावर, आणि त्यात अशी उत्तरेही आली. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला, तेव्हा काही लोकांनी निषेध म्हणून आपली उत्तरे बदलायला घेतली, तर त्यांचीच खाती निलंबित झाली. परवान्यातली 'कोणाचे घेतले ते सांगा' ही अट यंत्राच्या पोटात कोठे जाते, हा प्रश्न जगभरच्या कोर्टांनी सोडवायचा आहे. मला यात श्रम करणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, वकील म्हणूनही आणि तसाही.

म्हणून पोराला मी एकच अट घातली. जे सापडले ते मराठीत लिहून ठेव. तो कुरकुरला, "मला कुठे लिहिता येते?" पण लिहिले. तीन मापांचे, निळ्या हृदयाचे, तुटलेल्या अक्षराचे. आणखी एक त्याचे स्वतःचे: 'वऱ्हाड' हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण त्यातला ऱ्ह दोन-तीन निरनिराळ्या तऱ्हांनी टाइप होतो, त्यामुळे यादीत नाव असून शोधात सापडत नाही. यावर काय करायचे ते त्याने पदरचे दोन दिवस घालून शोधले. आमच्या भाषेच्या या अडचणी परदेशातला कोणी येऊन विचारणार नाही, त्या आपल्यालाच विचाराव्या लागतील. पुण्या-मुंबईत मोठ्या कंपन्यांत बसलेले आपले कितीतरी इंजिनियर हे वाचत असतील. धम्मचक्र प्रवर्तन दिनी ते वर्गणी देतात, ती जरूर द्यावी. महिन्यातून एक उत्तरही द्यावे, मराठीत, आपल्या नावाने किंवा टोपणनावाने.

राहिली ती प्रश्नचिन्हे. इंग्रजी अंकांना एकच बाइट लागतो, म्हणून फोन नंबर वाचले होते. पोराने प्रत्येक नंबर फिरवला. "जयभीम, मी दिवेआगरहून बोलतोय. तुम्ही महिन्यामागे एक नाव भरले होते, ते परत सांगता का?" काही चिडले. बहुतेकांनी नाव तर सांगितलेच, वर आणखी दोन नावे सांगितली, कारण फोनवर बोलता बोलता म्हाताऱ्या आईला आठवले. सुरतच्या एका आजींनी अर्धा तास आपल्या सासऱ्याची गोदीतली नोकरी सांगितली, ती पोराने शेऱ्याच्या रकान्यात जशीच्या तशी उतरवली.

मी गेलो त्या दिवशी तीन ओळी उरल्या होत्या. दोन नंबर बंद. तिसरा लागतो, वाजत राहतो, कोणी उचलत नाही. त्या ओळीत सात प्रश्नचिन्हे, पुढे मोकळी जागा, पुन्हा चार प्रश्नचिन्हे, आणि साल १९५६.